स्वप्न आमचे, इंधन कोणाचे?

महाराष्ट्रात शिरपूर नावाची अनेक गावे आहेत. त्यांतले एक धुळे जिल्ह्यातले, मुंबई-आग्रा रस्त्यावरचे, तालुक्याचे ठिकाण. आणि एक आमचे, वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले, ज्याला सगळे शिरपूर जैन म्हणून ओळखतात. दोन वर्षांपूर्वी एका रात्री दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर, विमान चालवण्याचे शिक्षण आपल्या राज्यात कुठे कुठे मिळते हे आम्ही मोबाइलवर शोधत बसलो होतो. बारामती आले, गोंदियाजवळचे बिरसी आले आणि त्याखाली आले शिरपूर! काळजाचा ठोका चुकला. क्षणभर वाटले, अल्लाहने धावपट्टी आमच्या दारातच आणून ठेवली. मग जिल्हा वाचला. धुळे. आम्ही स्वतःशीच हसलो, मोबाइल उशाशी ठेवला; पण झोप काही आली नाही.

वाचकहो, तुम्हीही खुशाल हसा. सदतीस वर्षांचा माणूस, शिक्षण बी.एस्सी., बी.एड., उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवणारा, घरी म्हातारी आई, पत्नी, सातवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. अशा माणसाने व्यावसायिक वैमानिक होण्याचा विचार करावा, ही गोष्ट चहाच्या टपरीवर सांगितली तर दिवसभराची करमणूक होईल. आम्ही ती कुणाला सांगितली नव्हती. पण न सांगितल्याने प्रश्न सुटत नाही. प्रश्न साधा होता. जगण्याची अर्धी वाट संपल्यावर माणसाला आपली वाट बदलण्याचा हक्क आहे का? आणि असल्यास त्याची किंमत कुणी द्यायची?

ही इच्छा आली कुठून, तेही सांगितले पाहिजे. २०२३ साली आमच्या अम्मी हजला गेल्या. त्यांना निरोप द्यायला आम्ही नागपूरच्या विमानतळापर्यंत गेलो. दरवर्षी आम्ही मुलांना हवेचा दाब शिकवतो. कागदाची पट्टी ओठांशी धरून वरून फुंकर मारली की पट्टी वर उचलली जाते, हा प्रयोग आम्ही शेकडो वेळा करून दाखवला असेल. त्या दिवशी शेकडो माणसांसह ते अवजड यंत्र जमीन सोडताना पाहिले आणि वाटले, आपण आयुष्यभर कागदाची पट्टीच उचलत राहणार काय?

शिवाय आमच्या गावाचे नावच अंतरिक्षाशी जोडलेले आहे. इथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, तिच्या खालून वस्त्र सरकते, अशी जैन बांधवांची श्रद्धा आहे. एके काळी तिच्याखालून घोडेस्वार निघून जाई, असेही जुनी माणसे सांगतात. दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यातल्या हक्काच्या वादातून १९८१ मध्ये त्या मंदिराला कुलूप लागले आणि ते २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निघाले. आमचे सगळे बालपण आणि तारुण्य त्या बंद दारावरून जाण्यात गेले. या दाराची आठवण आम्हांला पुढे एका वेगळ्याच कारणाने झाली.

आधी वयाचा मुद्दा घेऊ, कारण लोक पहिला दगड तिथेच मारतात. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान वय अठरा आहे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित ही अट वर्षानुवर्षे राहिली आहे आणि ती आम्ही कधीच पुरी केलेली आहे. दोनशे तासांचे उड्डाण, हवाई नियम, दिशानिर्धारण, हवामान अशा विषयांच्या परीक्षा, रेडिओवर बोलण्याचा परवाना, इंग्रजीची ठरावीक पातळी आणि प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी हे सगळे पार करावे लागते. चष्मा चालतो, मात्र चष्म्यासह नजर पूर्ण भरली पाहिजे. दोन वैमानिकांच्या प्रवासी विमानात माणूस पासष्टाव्या वर्षापर्यंत काम करू शकतो. आता आमचा हिशेब पाहा. शाळेतून आम्ही अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणार. एकोणचाळिसाव्या वर्षी परवाना मिळाला तर पुढे सव्वीस वर्षे उरतात. म्हणजे वय निघून गेले हे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही.

आणि आपल्या इतिहासात या बाबतीत एक थोर नाव आहे. नवव्या शतकात कुर्तुब्यात अब्बास इब्न फिरनास नावाचा विद्वान होऊन गेला. त्याने इ.स. ८७५ च्या सुमारास पिसांचे पंख बांधून उंचावरून उडी घेतली, काही अंतर तो हवेत तरंगला आणि उतरताना पाठीवर आपटला. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो, हे त्याच्या लक्षात आले नव्हते, असे मक्करी या इतिहासकाराने सतराव्या शतकात लिहून ठेवले आहे. त्या वेळी इब्न फिरनास साठीच्या पुढे होता असे मानतात. आज चंद्रावरच्या एका विवराला त्याचे नाव आहे. आमच्या वर्गात ही गोष्ट मुले फार आवडीने ऐकतात. पण अलीकडे ती सांगताना एक बाब आमच्या मनात रुतून बसली. इब्न फिरनासने पणाला लावली ती स्वतःची पाठ होती.

आमच्यापुढे पणाला लावायला काय होते? या शिक्षणाचा खर्च आज पन्नास लाखांच्या घरात जातो आणि विशिष्ट प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षण त्यानंतर वेगळे. बँका कर्ज देतात, पण सुदावर. सूद आम्ही आजवर टाळत आलो. घराचे दोन खोल्यांचे बांधकाम आम्ही पगारातून सहा वर्षांत पूर्ण केले ते याच कारणाने. शिवाय परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असे नव्हे. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, २०१९ मध्ये जेट एअरवेज, २०२३ मध्ये गो फर्स्ट. २०२० च्या मार्चअखेरपासून देशांतर्गत नियमित प्रवासी विमानसेवा दोन महिने बंद होती. त्या दोन महिन्यांत आमचा पगार थोडा उशिरा का होईना, पण झाला. अनुदानित शाळेतल्या नोकरीची किंमत त्या दिवसांत कळली. तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढल्यानंतर ती नोकरी आमची झाली होती. सरकारी नोकऱ्यांत आपल्या समाजाचे प्रमाण किती कमी आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्येच मांडले आहे. अशा समाजात पगाराची एक जागा सोडणे ही एकट्याची बाब राहत नाही. त्या पगारावर आमच्या घरासोबत एका मावसभावाची फी आणि एका विधवा चुलतीचे औषधपाणीही चालते.

मग डोळ्यांपुढे आली ती अब्बांची जमीन. तीन एकर, बहुतेक सोयाबीन आणि त्यात तूर. अब्बांच्या इंतकालला नऊ वर्षे झाली. सातबाऱ्यावर वारस म्हणून अम्मीचे, आमचे आणि आमच्या दोन बहिणींचे नाव आहे. ती सगळी विकली तर निदान सुरुवात होईल, असा हिशेब आम्ही मांडला. गणिताचा शिक्षक हिशेब अर्धवट सोडत नाही, म्हणून शरीयतप्रमाणे वाटेही काढले. अम्मीचा आठवा हिस्सा म्हणजे पंधरा गुंठे. उरलेल्यात मुलाला दोन आणि मुलींना एकेक. आमच्या वाट्याला एक एकर साडेबारा गुंठे. प्रत्येक बहिणीला सव्वासव्वीस गुंठे. कागदावर हे आकडे पहिल्यांदा लिहिले तेव्हा आम्ही चरकलो. नऊ वर्षे तीन एकरांचे पीक आम्ही घेत होतो. अर्ध्याहून अधिक जमीन आमची नव्हती आणि तिच्या उत्पन्नाचा एक रुपयाही आम्ही कुणाच्या हातावर ठेवला नव्हता. अम्मी आमच्याजवळ राहतात, तेव्हा त्यांचे पोहोचले असे म्हणता येईल. बहिणींचे काय?

आपल्याकडे या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे: हक्कसोडपत्र. बहीण ईदला माहेरी येते, भाऊ तिला साडी-चोळी करतो, जाताना तालुक्याच्या कचेरीत एक सही घेतो. लोक म्हणतात, तिने माफ केले. आम्हीही तेच योजले होते. रमजान ईदला थोरल्या आपा आल्या. शिरखुर्मा झाला, मुले बाहेर खेळायला गेली आणि आम्ही भीत भीत विषय काढला. विमानाचे सगळे सांगितले. त्या हसल्या नाहीत. थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "दस्तखत कहाँ करना है, बोल."

इतकी सोपी परवानगी मिळाल्यावर आम्ही खूश व्हायला हवे होते. पण त्या रात्री आम्ही त्या वाक्यातच अडकून पडलो. आपांनी किंमत विचारली नाही. परत कधी देशील, हे विचारले नाही. तू पडलास तर काय, हेही विचारले नाही. का विचारले नाही? त्यांना आमच्या स्वप्नावर विश्वास होता म्हणून? की नाही म्हटले तर माहेरचे दार बंद होईल, ही भीती त्यांच्या मनात होती म्हणून? आमच्या गावात एक दार हक्काच्या वादात बेचाळीस वर्षे बंद राहिलेले सगळ्यांनी पाहिले आहे. आपल्या घराघरांतल्या बहिणी असले कुलूप लागू नये म्हणून भांडायच्या आधीच हक्क सोडून देतात. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याने हो म्हटले, तर त्या होकाराला रजामंदी म्हणता येईल का?

इथे कुणी म्हणेल की बहिणीच्या त्यागावर मोठी झालेली माणसे थोडी आहेत काय? खरे आहे, आणि सर्वांत मोठे उदाहरण डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचेच आहे. मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेशासाठी सुमारे हजार रुपये हवे होते. त्यांच्या बहिणीने, जोहराने, आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली. पण पुढची गोष्ट आपण सांगायला विसरतो. स्वतःच्या कमाईतून त्या बांगड्या सोडवायच्या, असे कलामांनी त्याच वेळी मनाशी ठरवले होते. बहिणीने आपण होऊन दिले आणि भावाने ते कर्ज म्हणून घेतले. हैदराबादच्या सैयदा सल्वा फातिमाचे उदाहरण आणखी जवळचे आहे. बेकरीत काम करणाऱ्या बापाची ही मुलगी व्यावसायिक वैमानिक झाली. तिच्या शिक्षणासाठी एका उर्दू दैनिकाचे संपादक पुढे आले, नंतर तेलंगण सरकारने मदत केली. देणाऱ्यांना माहीत होते आपण काय देतो आहोत आणि कशासाठी. उघडपणे दिले, उघडपणे घेतले. तेव्हा दुसऱ्याच्या इंधनावर उडणे हे वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. ते कुणी, किती आणि किती मोकळ्या मनाने दिले, हे पाहिल्याशिवाय इंजिन सुरू करणे वाईट आहे. आणि समाजाच्या हातात अशा मदतीचे पैसे थोडेच असतील, तर त्यावर पहिला हक्क अठरा वर्षांच्या सल्वाचा आहे, पगारदार सदतीस वर्षांच्या मास्तराचा नाही, हेही आम्हांला कबूल करावे लागले.

या विचारात आम्हांला सर्वांत जास्त शिकवले ते वैमानिकीच्या पुस्तकांनीच. आम्ही समजत होतो की वैमानिक म्हणजे धाडसी माणूस. वाचत गेलो तसे कळले की तो फार सावध माणूस असतो. उड्डाणाआधी तो इंधनाचा हिशेब करतो. मुक्कामापर्यंतचे इंधन, तिथे उतरता आले नाही तर जवळच्या दुसऱ्या विमानतळापर्यंतचे इंधन आणि त्यावर जेट विमानात आणखी तीस मिनिटे घिरट्या घालता येतील एवढे शिल्लक इंधन. धावपट्टी नीट दिसली नाही तर तो विमान पुन्हा वर घेतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आमच्या स्वप्नाच्या टाकीत दुसऱ्या विमानतळापर्यंतचे इंधन नव्हते. परवाना मिळाला नाही, नोकरी मिळाली नाही, वैद्यकीय तपासणीत अडकलो, तर कुठे उतरायचे? आपांच्या सव्वासव्वीस गुंठ्यांवर?

आणि जिवाचा धोका तर आहेच. १६ जुलै २०२१ रोजी त्याच धुळ्याच्या शिरपूरहून उडालेले एक शिकाऊ विमान जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळले. शिकणारी मुलगी जखमी झाली, पण वाचली. शिकवणारा प्रशिक्षक जागीच गेला. ही बातमी पुन्हा वाचली तेव्हा आम्ही बराच वेळ स्तब्ध होतो. ज्या धंद्यातून पळून आम्ही आकाशात जाऊ पाहत होतो, तो धंदा तिथेही होताच. विद्यार्थ्याच्या शेजारी, दुसरे सुकाणू हातात धरून, मास्तर बसलेला होता.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की न जाण्याचा निर्णय झाला आणि माणूस पुण्यवान ठरला. तसे असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. आमच्या पत्नीने आम्हांला तिथे थांबू दिले नाही. सगळे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "जायचं तर जा, आम्ही कसंही निभावू. राहायचं तर राहा. पण राहिलात, तर आमच्यामुळे राहिलो असं मुलांना जन्मभर ऐकवू नका."

आमच्या ओळखीत एक बुजुर्ग आहेत. तरुणपणी आखातात जायची संधी होती, घरासाठी गेले नाहीत. त्यांनी ही कुर्बानी खरोखर दिली. पण गेली तीस वर्षे ते त्या कुर्बानीची वसुली करीत आहेत. मुलगा नापास झाला की आखात, सुनेने भाजीत मीठ जास्त टाकले की आखात. मुलांनी ते मागितले नव्हते, त्यांना कुणी विचारलेही नव्हते, आणि तरी हप्ते त्यांच्याच डोक्यावर. पत्नीच्या बोलण्याने आम्हांला उमगले की जाणारा माणूस दुसऱ्याचे इंधन जाळतो तसे राहणारा माणूसही जाळू शकतो. जाणारा एकदाच घेऊन जातो; राहणारा रोज थोडे थोडे घेतो. एहसान जतवून केलेला त्याग हा त्याग उरत नाही, ती उधारी होते.

शिक्षकाच्या बाबतीत हा मोह आणखी एका रूपाने येतो. आपले स्वप्न राहिले, ते विद्यार्थ्यांच्या दप्तरात टाकायचे. माझे विद्यार्थी उडतील म्हणजे मीच उडालो! ऐकायला गोड आहे, सत्काराच्या भाषणात टाळ्याही मिळतात. पण आमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीला नर्स व्हायचे आहे, एखाद्याला बापाचे गॅरेज चालवायचे आहे. त्यांनी आमच्या आकाशाचा भार का वाहावा? कलामांना हवाई दलात वैमानिक व्हायचे होते. डेहराडूनला पंचवीस उमेदवारांत त्यांचा नववा क्रमांक आला आणि निवडले गेले आठ. पुढे ८ जून २००६ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, राष्ट्रपती म्हणून पुण्याच्या लोहगाव तळावरून ते सुखोई विमानात बसून आकाशात गेले. पण मधल्या जवळजवळ अर्धशतकात त्यांनी ती हुकलेली जागा कुणाच्या माथी मारली नाही. मुलांना भेटले की ते विचारीत, तुझे स्वप्न काय आहे? आणि २७ जुलै २०१५ रोजी शिलाँगला विद्यार्थ्यांसमोर बोलता बोलताच त्यांनी देह ठेवला.

तर आम्ही काय केले? आम्ही गेलो नाही. वय झाले म्हणून नाही, नियम आडवे आले म्हणून नाही आणि मुलांमुळे तर मुळीच नाही. आमच्या स्वतःच्या टाकीत जेवढे होते त्यात तो प्रवास होत नव्हता, आणि दुसऱ्यांचे घ्यायला आम्ही तयार झालो नाही. हा निर्णय आमचा आहे. त्याची पावती आमच्याच नावावर फाडावी, अशी आम्ही घरी सर्वांना विनंती केली आहे. उद्या परिस्थिती बदलली तर पुन्हा हिशेब मांडू. पासष्टला अजून अवकाश आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईची विमानसेवा सुरू झाली आणि एअर इंडियाने तिथे वैमानिकांची शाळा काढण्याचे २०२४ मध्येच जाहीर केले आहे. दहावीतल्या ज्याला किंवा जिला त्याबद्दल विचारायचे असेल, त्यांना आम्ही माहिती देतो. जे विचारत नाहीत त्यांना देत नाही.

एक गोष्ट मात्र या स्वप्नाने आमच्याकडून करून घेतली, जी एरवी झाली नसती. यंदा सोयाबीन विकल्यावर आम्ही खर्च वजा करून चार वाटे केले. मागच्या नऊ वर्षांचे जे देणे निघते तेही लिहून काढले आहे. ते एकदम फिटणार नाही, पण हप्ते ठरवले आहेत, आणि या हप्त्यांवर सूद नाही. धाकटीला पैसे पाठवले तेव्हा ती फोनवर रागावली, परक्यासारखे का करतोस म्हणाली. थोरल्या आपांकडे आम्ही स्वतः गेलो आणि नोटा त्यांच्या हातात ठेवल्या. हे काय, म्हणून त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, तुमच्या सव्वासव्वीस गुंठ्यांचे. आम्हांला वाटले होते, त्या रडतील किंवा परत करतील. त्यांनी चष्मा लावला आणि पैसे एकदा मोजले. मग आणखी एकदा मोजले.

त्यांचे ते दुसऱ्यांदा मोजणे आम्हांला फार आवडले.